पाच सेकंदांत बरी होणारी जखम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, 'कॉल ऑफ ड्यूटी'सारख्या युद्धाच्या व्हिडिओ गेममुळे मुलांना सैन्याची गोडी लागते, युद्ध म्हणजे काय ते कळतं, तेव्हा पालकांनी उगाच ओरडा करू नये. पत्राचा सूर सभ्य होता आणि त्यामागे जवानांबद्दल आदर होता, म्हणूनच उत्तर लिहावंसं वाटलं. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. नोकरीतला मोठा काळ पुण्यात, सर्जिकल वॉर्डात गेला. मला हा खेळ आवडत नाही. या खेळाविरुद्ध नेहमी जी कारणं सांगितली जातात ती माझी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खेळ खेळून मुलं हिंसक होतात असं मी म्हणत नाही. माझ्या बहिणीचा नातू शिक्षणासाठी माझ्याकडे राहतो. अकरावीत आहे. तो हा खेळ कॉम्प्युटरवर खेळतो, मित्रांबरोबर मोबाइलवर खेळतो, आणि सोसायटीतल्या कुत्र्याच्या पिल्लाला गाडीचा धक्का लागला तेव्हा जेवला नव्हता. तेव्हा त्या वादात मला पडायचं नाही. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हेही खरं असेल. पण ते क्रिकेटच्या मॅचनेही होतं.

माझी तक्रार एकच आहे. या खेळात जखमी माणूस नाही.

खेळायला घेतलेल्या माणसाला गोळी लागते तेव्हा पडद्याच्या कडा लाल होतात, रक्ताचे शिंतोडे दिसतात, श्वास जोरात ऐकू येतो. मग भिंतीच्या आड जाऊन बसायचं. चार-पाच सेकंदांत लाली ओसरते आणि माणूस पुन्हा धावायला मोकळा. ड्रेसिंग नाही, मदतीला कोणी नाही, वेळही लागत नाही. २००३ साली आलेल्या पहिल्या खेळात निदान प्रथमोपचाराच्या पेट्या शोधाव्या लागत, असं नातवाने मला दाखवलं. २००५ च्या दुसऱ्या भागापासून त्याही गेल्या आणि जखम आपोआप बरी व्हायला लागली. मित्रांबरोबरच्या सामन्यात तर मेलेला माणूसही काही क्षणांत नवा होऊन मैदानात उतरतो. समोरचा पडला की गुणांचा आकडा चमकतो, थोड्या वेळाने प्रेत नाहीसं होतं आणि जमीन पुन्हा स्वच्छ.

नातू म्हणाला, "मावशीआजी, तसं केलं नाही तर खेळता कसं येईल?" प्रश्न रास्त आहे. बुद्धिबळातही मेलेलं प्यादं पटाबाहेर ठेवतात आणि त्यावर मी कधी आक्षेप घेतलेला नाही. पण बुद्धिबळ कोणाला 'खरं युद्ध' म्हणून विकलं जात नाही. हा खेळ तसाच विकला जातो. २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर' या भागासाठी कंपनीने खऱ्या बंदुकांचे आवाज मुद्रित केले, माजी सैनिकांचा सल्ला घेतला. गणवेशावरची शिवण दिसते, काडतूस बाहेर पडून फरशीवर आपटल्याचा आवाज येतो. बंदुकीची प्रत्येक गोष्ट खरी करायची आणि गोळीने शरीराचं काय होतं तेवढंच खोटं ठेवायचं, हे मला सहन होत नाही. कारण माझी सगळी नोकरी त्या तेवढ्याशा भागात गेली आहे.

गोळी मांडीतून गेली आणि मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो. ती मिनिटं कोणाच्या तरी हातात असतात. शेजारच्या जवानाला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला घट्ट आवळायची पट्टी, बांधता आली पाहिजे आणि ती बांधल्याची वेळ लिहून ठेवली पाहिजे. मग स्ट्रेचर. डोंगरात एका स्ट्रेचरला चार माणसं लागतात, चढ असेल तर आळीपाळीने आणखी. म्हणजे एका गोळीने पाच माणसं लढाईतून बाजूला होतात. ज्याने तुकडी चालवली आहे त्याला विचारा, जखमी माणूस हा लढाईतला सगळ्यात अवघड प्रश्न असतो. त्याला उचलायचं की पुढे जायचं, हेलिकॉप्टर येईल की नाही, अंधार पडायला किती वेळ आहे. हे सगळं काढून टाकलं की उरतो तो नेमबाजीचा खेळ. मग त्याला नेमबाजीचाच खेळ म्हणावं.

आणि हे झालं पहिल्या दिवसाचं. आमच्याकडे माणूस पोहोचायचा तेव्हा लढाई संपलेली असायची आणि त्याचं काम सुरू व्हायचं. १९९९ च्या पावसाळ्यानंतर कारगिलचे जखमी पुण्याला येऊ लागले. श्रीनगर, दिल्ली असे टप्पे घेत, कोणाचा पाय गुडघ्याखाली गेलेला, कोणाचा वर. जावळी तालुक्यातला एक जवान आठवतो, विशीतला. सुरुंगावर पाय पडला होता. जो पाय उरला नव्हता त्याच्या अंगठ्याला रात्री खाज सुटायची आणि तो दात आवळून पडून राहायचा. आपल्याला वेड लागलं असं त्याला वाटत होतं, म्हणून तो कोणाला बोलत नव्हता. अखेर एका रात्री म्हणाला, "सिस्टर, नाही त्या पायाला खाज येते हो." असं बहुतेकांना होतं, मेंदूला पाय गेल्याचं लवकर कळत नाही, हे त्याला समजावलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणी रडला. आईला पत्रात त्याने 'थोडी दुखापत आहे' एवढंच लिहायला लावलं होतं.

पुढे स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर, पट्ट्या बांधून त्याला आकार द्यायचा, सूज उतरायची वाट पाहायची, मग कृत्रिम पायाचं माप. पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हे काम करत आहे. पहिल्यांदा कृत्रिम पायावर उभा राहिलेला माणूस घामाने चिंब होतो. दोन समांतर दांड्या धरून चार पावलं टाकायची आणि बसायचं, दुसऱ्या दिवशी सहा. ज्यांच्या कण्याला मार बसला त्यांचं निराळंच. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होतो आणि तो जीवही घेऊ शकतो. लघवीची नळी, जंतुसंसर्ग, घरच्यांचं येणं हळूहळू कमी होणं. आणि त्याच जागी व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळणारे, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे लोकही आहेत. यातला एक माणूससुद्धा त्या खेळात मला भेटला नाही.

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान शहीद झाले. हा आकडा पुष्कळांना पाठ असतो, दर २६ जुलैला तो छापून येतो आणि आलाच पाहिजे. जखमींचा आकडा १,३६३ आहे. तो किती जणांना सांगता येईल? सैनिकाच्या जखमांकडे न पाहण्याची सवय आपल्यालाही आहे. हा दोष काही परदेशी कंपनीने आपल्याला लावलेला नाही. पण ज्या मुलांना युद्धाची पहिली ओळख अशा खेळातून होते त्यांना असा आकडा असतो हेच कळणार नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. मधली सात वर्षं त्यांनी काय केलं असेल, हे मी नातवाला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "याच्यावर गेम करायला पाहिजे." मी त्याला म्हटलं, कर.

आता एक गोष्ट मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण ती पाहून मी थक्क झाले. २००७ च्या भागात एक प्रसंग आहे. अणुस्फोटात हेलिकॉप्टर कोसळतं. आपण ज्या अमेरिकी सार्जंटच्या डोळ्यांनी पाहत असतो तो रांगत बाहेर येतो. आकाश लालसर, समोर धुराचा ढग. बटणं दाबली तरी फारसं काही होत नाही, बंदूक नाही, शत्रू नाही. थोडं सरपटतो, उभं राहायचा प्रयत्न करतो आणि मरतो. नातवाने मला हा प्रसंग मुद्दाम दाखवला. त्यात खरेपणा आहे. म्हणजे या मंडळींना जमतं. आणि त्याच मंडळींनी दोनच वर्षांनी, २००९ च्या भागात, सलग २५ जणांना मारणाऱ्या खेळाडूला बक्षीस म्हणून अणुबॉम्ब दिला. तो टाकला की सामना संपतो आणि टाकणारा जिंकतो.

२०१९ च्या भागात असंच बक्षीस म्हणून पांढरा फॉस्फरस आहे. सलग ठराविक बळी घेतले की तो आकाशातून टाकायला मिळतो. मैदानावर पांढऱ्या धुराच्या रेघा उतरतात, दिसायला सुंदर दिसतं. आम्हाला प्रशिक्षणात या जखमेचा धडा वेगळा शिकवायचे. फॉस्फरसचे कण मांसात रुततात आणि हवा लागली की पुन्हा पेट घेतात. म्हणून जखम सतत ओली ठेवायची, ड्रेसिंग वाळू द्यायचं नाही, कण काढायचे ते पाण्याखाली चिमट्याने. ड्रेसिंग सुकलं तर रुग्ण तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा भाजतो. जाळणाऱ्या शस्त्रांचा नागरिकांवर वापर करायला १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारात बंदी आहे. असली गोष्ट शाबासकी म्हणून एखाद्या मुलाच्या हातात ठेवताना बनवणाऱ्यांपैकी एकाला तरी जळालेली कातडी आठवायला हवी होती.

नातू एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करतो आहे. पहाटे धावतो, गणित सोडवतो, वर्तमानपत्र वाचतो. त्याला पुढे मुलाखतीला बसायचं आहे. एकदा जेवताना तो म्हणाला की, 'हायवे ऑफ डेथ'वर रशियाने बॉम्ब टाकले होते. खेळात उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक देश आहे, त्यातलं एक पात्र तसं सांगतं. खरा रस्ता कुवेत शहरातून इराकच्या सीमेकडे जातो. २६ आणि २७ फेब्रुवारी १९९१ च्या सुमारास कुवेतमधून माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांच्या विमानांनी हल्ला केला. जळालेल्या गाड्यांच्या रांगांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले होते, आम्ही ते पाहिले आहेत. तो हल्ला योग्य की अयोग्य यावर जाणकारांत वाद आहे. पण कोणी केला यावर वाद नाही. देश काल्पनिक आहे, असं म्हणून कंपनी सुटेलही. त्या रस्त्याचं नाव मात्र काल्पनिक नाही, आणि माझ्या घरातल्या मुलाच्या डोक्यात चुकीचं उत्तर बसलं होतं.

मघाच्या पत्रलेखकांचं म्हणणं होतं की, या खेळात आता साथीदाराला 'रिव्हाइव्ह' करता येतं, म्हणजे मुलं मदत करायला शिकतात. मी ते पाहिलं. 'वॉरझोन' या भागात पडलेल्या मित्राजवळ काही सेकंद बसायचं, तो उठतो आणि दोघं पळतात. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण त्याच खेळात समोरच्या गटाचा माणूस पडून सरपटत असेल तर त्याला तिथेच संपवतात, कारण तो उठला तर त्रास. सगळेच तसं करतात आणि खेळ त्याबद्दल काही म्हणत नाही. जिनिव्हाचा पहिला करार १८६४ सालचा आहे, आणि तो नेमका याच माणसासाठी झाला. जो लढण्याच्या स्थितीत उरला नाही त्याच्यावर हत्यार चालवायचं नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. १९४९ च्या करारांत हे अधिक पक्कं झालं आणि आपल्या देशाने त्यासाठी १९६० साली कायदाही केला. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवलं गेलं: वॉर्डात आलेला माणूस रुग्ण आहे, त्याचा गणवेश दाराबाहेर राहतो.

रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ मध्ये अशा खेळांच्या निर्मात्यांना सांगितलं होतं की, खेळावर बंदी नको, पण युद्धाचे नियम खेळात आणा. नियम मोडणाऱ्याला खेळात त्याचा परिणाम भोगावा लागू द्या. झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने ते मनावर घेतलं. त्यांच्या 'आर्मा ३' या युद्धखेळाला २०१७ मध्ये त्यांनी एक जोड दिली, तिचा विषयच युद्धाचे कायदे हा आहे. त्यात तुम्ही असा माणूस होता, जो जमिनीत पेरून ठेवलेली स्फोटकं काढून टाकतो. लढाई संपल्यावर एका गावात जायचं आणि इथे काय घडलं ते वेगवेगळ्या लोकांच्या बाजूने समजून घ्यायचं. मिळकतीतला वाटा त्यांनी रेड क्रॉसला दिला. असा खेळ होऊ शकतो, आणि लोक तो विकतही घेतात.

'कॉल ऑफ ड्यूटी'च्या मालकांकडे तर साधनांची काहीच कमी नाही. १३ ऑक्टोबर २०२३ ला मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही मूळ कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याआधी २००९ मध्ये या कंपनीने निवृत्त सैनिकांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी निधी स्थापन केला होता आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. लढाईहून परतलेला माणूस काय घेऊन येतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर निधी उभा केला. तेच ज्ञान खेळात का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

या मालिकेची सुरुवात दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाने झाली. त्याच महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर आपल्या नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव लढत होते. त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी जवळजवळ संपली होती. त्यांनी मशिनगनच्या माऱ्यात एका जखमीला खोल पाण्यातून, चढ आणि सुरुंग पार करून सुरक्षित जागी नेलं. मग परत फिरून दुसऱ्याला नेलं. त्यानंतर ते मशिनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले, हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे जाधवांची गोष्ट सांगतात तेव्हा मशिनगनची सांगतात. मला ती नेहमी नदीतल्या त्या दोन खेपांची वाटते. पाठीवर दुसरा माणूस, हात बंदुकीला मोकळा नाही, आणि समोरून गोळीबार चालू. या प्रसंगावर कोणी खेळ केला तर मी स्वतः विकत घेऊन नातवाला देईन.

हे मी कुठल्या अमेरिकी कंपनीला सांगत बसणार नाही, पण आपल्याच शहरातल्या तरुणांना सांगू शकते. 'इंडस' हा बॅटल रॉयल प्रकारचा, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा, खेळ पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीने बनवला आहे आणि असे खेळ बनवणारी मुलं आता आपल्याकडे वाढत आहेत. त्यांच्यापासून वानवडी आणि खडकीची ही जखमी जवानांची ठिकाणं रिक्षाच्या अंतरावर आहेत. रीतसर परवानगी काढून एकदा या. जखमी जवान दया मागत नाहीत, बोलायला मात्र त्यांना आवडतं. टूर्निकेट कशी आवळतात, स्ट्रेचर चढावर कसं धरतात, पाय नसताना तोल कसा सांभाळतात, हे ते तुम्हाला करून दाखवतील. कित्येकांचं निरीक्षण इतकं बारीक असतं की तुमच्या खेळाला दहा नवे डाव सुचतील.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. ही मालिका दर वर्षी नवा भाग आणते आणि आपल्या पुरवणीत त्याचं परीक्षण येतं. चित्र किती स्पष्ट, नकाशे किती मोठे, बंदुका किती नव्या, हे आपले परीक्षक नेमकेपणाने लिहितात. यंदा त्यांनी आणखी तीन गोष्टी पाहून लिहाव्यात: या खेळात गोळी लागलेला माणूस किती वेळ जखमी राहतो, त्याला कोण उचलतं, आणि हत्यार खाली पडलेल्या शत्रूला मारल्यावर खेळ गुण देतो की कापतो. एवढी माहिती परीक्षणात आली तर तो खेळ मुलाला घेऊन द्यायचा की नाही हे आई-वडील आपापलं ठरवतील.

आपली,
एक निवृत्त लष्करी परिचारिका
वानवडी, पुणे